धूळ दिसेपर्यंत

लाल वाळूच्या त्या उजाड मुलखात दोन गाड्या बरोबर निघाल्या की एक नियम असतो. पुढच्या गाडीने प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागच्या गाडीची धूळ आरशात दिसली की मगच वळायचं. मागची येईलच की, असं म्हणून सटकायचं नाही. अशी सटकलेली माणसं मग विमानातून शोधत बसावी लागतात, आणि सापडतात तेव्हा ती बोलण्याच्या स्थितीत असतीलच असं नाही. त्यामुळे जो फाट्यावर थांबत नाही, त्याला तिकडे कोणी माणसात धरत नाही. मग त्याच्या गाडीच्या टपावर दिव्यांची कितीही आरास असो.

अल्विन जन्मभर थांबत आला होता. बोअर आणि पवनचक्क्या दुरुस्त करत तो गुरांच्या फार्मांवर हिंडला. पुढे अवजारांनी खचाखच भरलेल्या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये तो, आणि मागे कॅम्परव्हॅनमध्ये सगळा संसार घेऊन त्याची बायको कोरल. मुलगी जोसी त्याच व्हॅनमध्ये रांगायला शिकली. पुढे काम सुटलं, केस पिकले, तरी दर हिवाळ्यात दोघं दोन गाड्या घेऊन निघायचीच. लाल वाळूच्या टेकाडांपलीकडे, नकाशाने सोडून दिलेल्या वाटा धुंडाळत. दोन म्हाताऱ्यांना दोन गाड्या कशाला, असं कोणी विचारलं की अल्विन म्हणायचा, "एका गाडीत बसलो तर भांडतो आम्ही. दोन गाड्यांत बसलो की प्रेम टिकतं." आणि दर फाट्यावर कोरलच्या कानाशी गाडीतला बोलायचा रेडिओ खरखरायचा, "दिसलीस, कोरल. ये."

एवढंच. याहून जास्त गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही, आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नाही.

मग अल्विन विसरायला लागला. आधी चष्मा, मग किटली, मग जोसीच्या नवऱ्याचं नाव. ते नाव तर कोरलही विसरायची, म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. पण हळूहळू त्याच्या तोंडून तिचं स्वतःचंच नाव गेलं. सकाळी ती चहा घेऊन आली की तो म्हणायचा, "थँक यू हं बाई." अगदी सभ्यपणे. शिवी दिली असती तर परवडलं असतं. येत्या सोमवारी त्याला शहरातल्या एका म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत न्यायचं ठरलं होतं. खोली स्वच्छ होती, माणसं भली होती, खिडकीतून पार्किंग दिसायचं.

"त्याआधी त्याला आपल्या जुन्या डोहावर नेऊन आणते," कोरल फोनवर म्हणाली.

"आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" जोसी म्हणाली. "बाबांचं लायसन्स काढून घेतलंय डॉक्टरांनी."

"ते सरकारी रस्त्याचं. डांबरी संपेपर्यंत मी त्याची गाडी व्हॅनमागे बांधून ओढत नेणार आहे. पुढे फार्मची खासगी वाट. तिथे आडवं यायला आहेच कोण? एखादी गाय."

"आणि काही झालं म्हणजे?"

"झालंच आहे की गं. आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

खरं काय ते तिने मुलीला सांगितलं नाही. तिला एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं होतं. घरात नाही आलं, दवाखान्यात नाही आलं. पण फाट्यावर येईल असं तिला वाटत होतं. वेडेपणा होता. पण सोमवार तोंडावर आला की माणूस शहाणपणाने वागत नाही.

टिलपारा फार्मवर रोंडा भेटली, तिथला सगळा कारभार बघणारी. अल्विनने तिच्या वडिलांच्या काळापासून तिथले बोअर सांभाळले होते. रोंडाने त्याला मिठी मारली. "काय म्हाताऱ्या, ओळखलंस का?"

"तुला कोण विसरेल?" अल्विन हसून म्हणाला. ओळखलं नव्हतं, हे कोरललाच कळलं.

रोंडाने तिला बाजूला घेतलं. "वाट मोडलेली नाही. फाटे दोनच. दुसऱ्यावर उजवीकडे डोह, डावीकडे जुना बोअर. त्याला जमेल ना?"

"त्याला गाडी जमते. बाकीचं जमत नाही."

आणि जमलंच. वाळू लागण्याआधी अल्विन खाली उतरला, कोणी न सांगता काडी घेऊन टायरांची हवा सोडायला बसला. मोजायचं यंत्र त्याने कधीच वापरलं नव्हतं. फुसकारा कानाने ऐकायचा आणि नेमका थांबायचा. आधी स्वतःच्या गाडीची चारही चाकं झाली, मग व्हॅनची. "हवा सोडली नाहीस तर टेकाडावर रुतशील, बाई," तो म्हणाला. कोरल त्याच्या हातांकडे बघत राहिली. हात तेच होते. तिला इतका आनंद झाला, की सँडविचमधला बीटचा तुकडा ब्लाउजवर पडला तेही कळलं नाही.

पहिल्या फाट्यावर तो थांबला होता. तिची व्हॅन टेकाडावरून खाली उतरली, समोर त्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे दिसले आणि रेडिओ बोलला, "दिसलीस. ये."

नाव नव्हतं. पण "दिसलीस" होतं. कोरल एकटीच रडली आणि एकटीच हसली. "आले रे, आले," ती म्हणाली. अजून एक फाटा होता. दुसऱ्यावर नाव येईल, असं तिने मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या फाट्यावर कोणी नव्हतं.

तिथली जमीन लाल गोट्यांची, चाकाची खूण उमटत नाही. उजवीकडे रिकामं, डावीकडे रिकामं. तिने रेडिओवर हाक मारली. "अल्विन, मी फाट्यावर आहे. कुठे आहेस?" नुसती खरखर. पुन्हा हाक मारली. नंतर हाका मोजायचंच सोडून दिलं.

चुकामूक झाली तर मागच्याने जागचं हलायचं नाही, पुढचा उलटा शोधत येतो. हेही त्यानेच तिला शिकवलेलं. म्हणून ती थांबली. इंजिन बंद करून, दार उघडं टाकून, वाऱ्यात कान देऊन बसली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं, की उलटा शोधत येणारा माणूस आता राहिलाच नाही. आपण मागे आहोत हेच त्याला आठवत नसेल. हे मी केलं, ती स्वतःला म्हणाली. पोरगी ओरडून सांगत होती. एका नावाच्या हावेपायी मी त्याला या उजाडात सोडून दिलं.

जन्मात पहिल्यांदा तिने नियम मोडला आणि गाडी उजवीकडे घातली, कारण डोहावर जायचं ठरलं होतं.

डोहावर पांढरे काकाकुवा झाडं भरून बसले होते. ती उतरताच सगळे एकदम कलकलाट करत उठले. काठावर चाकाची खूण नव्हती. पाण्याकडे बघायचं तिला धैर्य होईना, तरी पाहिलं. पाणी चहासारखं तपकिरी आणि शांत होतं. डोहाकडून कुंपणाच्या कडेने एक वाट जुन्या बोअरकडे जायची. त्या वाटेवर मऊ वाळू होती, आणि मऊ वाळूची कोरलला आयुष्यभर धास्ती वाटत आली होती. आज ती धास्तीसुद्धा वाटली नाही. व्हॅनमधली भांडी कपाटात आदळत होती. ती मोठ्याने बोलत होती, देवाशी की अल्विनशी ते तिलाही सांगता आलं नसतं.

कुंपणाचं गेट दिसलं. गेट सताड उघडं होतं, अलीकडे त्याची गाडी उभी होती, आणि गाडीपाशी अल्विन. तिच्याकडे पाठ करून, कपाळावर हात धरून, तो आल्या वाटेकडे बघत होता.

कोरल उतरली आणि धावतच त्याच्यापाशी गेली.

तो वळला. टोपी काढली. "नमस्कार बाई. तुम्हाला जायचंय का पलीकडे? जा की. गेटची काळजी करू नका."

"तुम्ही..." तिच्या तोंडून 'तू' निघेना. "तुम्ही इथे का थांबलात?"

"बायको मागे आहे माझी," अल्विन म्हणाला. "गेट पुढच्याने उघडायचं, मागच्याने लावायचं. ती आली की लावेल. धूळ दिसत नाही अजून." तो पुन्हा वाटेकडे बघायला लागला. "मघाशी एका फाट्यावर थांबायचं राहिलं वाटतं माझं. कधी राहत नाही हो. म्हणून म्हटलं, आता इथून हलायचं नाही."

गाडी तीच होती, बाई तीच होती. पण ती आली होती उलट्या बाजूने. बायको मागून येते, समोरून येत नाही, एवढं त्याचं पक्कं होतं.

त्याने गाडीतून पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. "घ्या. घामाघूम झालायत. एकट्याच फिरता का?"

"हो," कोरल म्हणाली. ती पाणी प्यायली.

"वाळूत एकटीने येऊ नये," तो म्हणाला. "माझ्या बायकोला वाळूची भीती वाटते. मला सांगत नाही कधी. तिला वाटतं, मला कळत नाही. म्हणून मी पुढे राहतो आणि हळू जातो. लोक हसतात, म्हणतात अल्विनची गाडी म्हातारी झाली. हसू देत."

इतक्या वर्षांत कोरलला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, त्याला हळूच चालवता येतं. त्यावरून तिने त्याला किती टोमणे मारले होते, गोगलगाय म्हणाली होती, सगळ्यांदेखत. आता तिला ते सगळे टोमणे परत घ्यावेसे वाटले, आणि घ्यायला समोर कोणी नव्हतं.

"नाव काय त्यांचं?" तिने विचारलं.

त्याला जराही आठवावं लागलं नाही. "कोरल."

तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. तिने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले. तो बावरला. "काय झालं? काही बोललो का मी?"

"छे. डोळ्यांत वाळू गेली." तिने बाटली त्याला परत दिली. "मी जाते त्या बाजूने. वाटेत भेटल्या तर सांगू का काही?"

"सांगा ना. म्हणावं, घाई करू नकोस. मी आहे इथे."

त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्यावी, त्याला व्हॅनमध्ये बसवावं आणि सरळ परत फिरावं. शहाणपण त्यातच होतं, हे कोरलला कळत होतं. पण ती व्हॅनमध्ये चढली आणि त्याच्या शेजारून, गेटमधून पलीकडे गेली. अल्विनने एक बोट वर केलं, वाटेत भेटणाऱ्या कुठल्याही परक्याला करतात तसं.

पहिल्या टेकाडामागे गेल्यावर तिने व्हॅन वळवली. आरशात तोंड पाहिलं, केस नीट केले, स्वतःलाच शिवी घातली. मग गाडी जोरात हाणली, वाटेच्या कडेकडेने, जिथे माती बारीक होती तिथून, म्हणजे धूळ उंच उठावी.

रेडिओ खरखरला.

"दिसलीस, कोरल. ये."

ती गेटपाशी पोचली तेव्हा तो गाडीतून उतरून आला होता आणि चांगलाच फुरंगटला होता. "कुठे होतीस गं? जीव टांगणीला लागला होता माझा."

"वाळू होती," ती म्हणाली.

"मग हळू यायचं. मी कुठे पळून जातोय?" त्याने तिच्या गालावरची धूळ अंगठ्याने पुसली. "एक बाई भेटली होती आत्ता. तुझ्याच वयाची असेल. बिचारी एकटी होती, रडत होती. पाणी दिलं मी तिला. तुला दिसली का?"

"दिसली."

"कोणी होतं का तिच्याबरोबर?"

"नवरा होता," कोरल म्हणाली. "पुढे निघून गेला."

अल्विन गोंधळला. मग त्याला रागच आला. "असा कसा निघून गेला? फाट्यावर थांबला नाही?"

"थांबला होता रे. खूप थांबला. तिलाच पोचायला उशीर झाला."

त्याने मान हलवली, ते काही पटलं नाही त्याला. थांबायचं म्हणजे थांबायचं, उशीरबिशीर काही नसतं, असं पुटपुटत तो आपल्या गाडीत जाऊन बसला. जाता जाता वळून म्हणाला, "गेट लाव हं, बाई."

कोरलने खाली मान घालून गेट लावलं, साखळी आकड्यात अडकवली आणि ओढून पाहिली. पुढे तो हळूहळू निघाला होता, अगदी हळू. तिने व्हॅन सुरू केली आणि तिची धूळ त्याच्या आरशातून नाहीशी होऊ नये म्हणून डोहापर्यंत त्याच्या मागे मागे राहिली.