पुढच्यांना वाट

एनोक नदीच्या कमरेएवढ्या पाण्यात असतानाच खिंडीतून कॅरिबू हरणं उतरू लागली. तो आहे तिथेच एका खडकाआड बसला. बर्फगार पाणी छातीशी आलं.

अलीकडच्या काठावर, विलोच्या झुडपात, डॉर्कसने बंदूक मांडीवर आडवी धरली आणि मनातल्या मनात भावाला शिव्या घातल्या. सकाळीच तिने बजावलं होतं.

"गप एका जागी बस."

"पलीकडच्या टेकडीवरून नुसता बघून येतो, ताई. हा आलोच."

"बुडाखाली निखारे ठेवलेत का रे तुझ्या?"

एनोकचा उतावळेपणा गावभर माहीत होता. मागे एकदा त्याने कळपाच्या पुढच्या माद्यांवरच गोळी झाडली. कळप दुसऱ्या खोऱ्यात निघून गेला आणि अख्ख्या गावाने हिवाळा डबाबंद मटणावर काढला. पुढच्यांना जाऊ द्यायचं असतं. त्यांनी नदी ओलांडली की मागचे डोळे झाकून त्याच वाटेने येतात. यंदा तर कळपाला उशीरच झाला होता, आणि आईच्या घरात मांसाचा तुकडा उरला नव्हता.

पुढच्या माद्या पलीकडच्या काठाशी येऊन थांबल्या. त्यांनी पाणी हुंगलं. एकीने पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. त्यांच्यामागे डोंगराचा उतार कळपाने भरत चालला होता.

एनोकचे खांदे थरथरताना डॉर्कसला दिसत होते. ओलांडा गं बायांनो, ती मनात विनवत होती. मग खांदे थांबले. कुडकुडणं थांबलं की माणूस हातचा गेला, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. तो अंग आवरून बसला होता की गारठला होता, तिला कळेना.

पुढच्या मादीने पाण्यात पाय घातला.

"एनोक!"

बंदूक तिथेच टाकून डॉर्कस नदीकडे धावली. माद्या उधळल्या, आणि सगळा उतार त्यांच्यामागे वळला.

तिने त्याला ओढत काठावर आणलं, ओले कपडे उतरवले, आपला फरचा पार्का त्याच्याभोवती गुंडाळला आणि विस्तव पेटवला. बऱ्याच वेळाने त्याला शब्द फुटले.

"का उठलीस? आल्याच होत्या की. मी बसलो होतो ना."

"बघितलं मी." तिला रडू आवरेना. असा बसलेला तिने त्याला जन्मात पाहिला नव्हता.

डोंगर रिकामा झाला होता. एनोकने पार्का अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

"गावात सांग, मीच हललो म्हणून."

"असं कसं सांगू?"

"सांग गं ताई. लगेच पटेल त्यांना."