हायड्रोजन प्यालेली रिक्षा

मित्रांनो, मी एक जुनी, पेट्रोलवर धावणारी रिक्षा आहे. उभी असले तरी माझं अंग थरथरत असतं. बोईसर स्टेशन ते कारखाने, कारखाने ते स्टेशन, यातच माझा जन्म गेला. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बायका म्हणायच्या, "हिच्यात बसलं की हजेरी चुकत नाय."

पुढे मी धूर ओकू लागले आणि धुराच्या तपासणीत नापास झाले. माझे मालक विश्राम माझ्याकडे न बघता म्हणाले, "परत नापास झाली, तर भंगारात." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग माझा धूर कमी व्हावा म्हणून गॅरेजवाल्या कमलेश मेस्त्रीने माझ्या सीटखाली पाण्याची बाटली बसवली. बॅटरीची वीज त्या पाण्यातून हायड्रोजन काढते आणि नळी तो माझ्या श्वासात सोडते. तो झटकन पेटतो, मग पेट्रोलही नीट जळतं.

"पन जादू नाय हां, दादा," कमलेश म्हणाला. "वीज हीच बनवते, थोडं पेट्रोल त्यातबी जातं. आनि पानी मी देईन तेच घाला."

दसऱ्याला विश्रामांच्या बायकोने, सुलूने, मला झेंडूची माळ घातली. बाटली बघून ती कळवळली, "सनाच्या दिवशी लेकीला नुसतं पानी?" आणि फोडलेल्या नारळाचं पाणी तिने बाटलीत ओतलं!

दुसऱ्या दिवशी तपासणी. सुलूही बाजाराला म्हणून बसली होती. वाटेत बाटलीला फेस आला, तो नळीतून माझ्या घशात चढला. खोकत, गचके खात मी कमलेशच्या गॅरेजपाशी बंद पडले.

"वयनी, हिला काय पाजलं?"

"नारलाचं पानी! तुमी पिता तसलं कडू नाय पाजलं."

कमलेश हसत सुटला. विश्राम हसले नाहीत. "संपली ही," एवढंच म्हणाले.

फेस पुसायला कमलेशने माझी हवा गाळणारा एअर फिल्टर काढला आणि त्याचं हसू विरलं. कारखान्यांच्या धुळीने फिल्टरचा काळा बोळा झाला होता.

"दादा, हिचा श्वासच कोंडलाय. आपन वरून नवा वायू देत बसलो. मीबी आधी बघितलं नाय."

त्याने नवा फिल्टर घातला, बाटली धुऊन योग्य पाणी भरलं.

तिथून आम्ही तपासणीला पोहोचलो. तपासणीवाल्याने माझ्या धुराच्या नळीत त्याच्या यंत्राची सळई घातली. भीतीने श्वास रोखावा, तर मला तो सोडूनच दाखवायचा होता! यंत्राकडे बघत तो म्हणाला, "पास."

विश्रामांनी माझ्या तापल्या पत्र्यावर हात ठेवला. चटका बसला, तरी काढला नाही.

"बघा, माज्या नारलानंच पास झाली," सुलू म्हणाली, आणि या वेळी तिला कुणीच हसलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी धापा टाकत तुमची कामं करत असेल. त्याला नवं काही जोडण्याआधी, त्याचा श्वास कुठे अडलाय ते एकदा उघडून बघा.