व्हेर्लाकच्या डोक्यावरचे एकवीस दिवस

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना, पांढऱ्या केसांचा टोप आहे. फ्रान्समधल्या एका पोलीस ठाण्याच्या कपाटात राहतो. लिऑन शहरात ओदीलबाईंनी मला केस न् केस सुईने ओवून घडवलं, ते नाटकवाल्यांसाठी. पण माझ्या नशिबी रंगभूमी नव्हती, गास्तों व्हेर्लाक होता. बँका लुटणारा, तुरुंगातून पळालेला, अख्खा देश ज्याच्या मागावर होता तो!

एकवीस दिवस मी त्याच्या डोक्यावर बसून त्याला निवृत्त संगीतशिक्षक करून ठेवलं. गावात सगळे त्याला मास्तर म्हणायचे. माझा जीव मात्र टांगणीला, रांगतं मूल जिन्यापाशी असताना आईचा असतो तसा. जरा वारा सुटला की मी घट्ट धरून बसायचो.

त्या रविवारी दुपारच्या गाडीने तो स्पेनला निसटणार होता. वाटेत खायला पाव हवा म्हणून सोलांजबाईंच्या बेकरीत रांगेत उभा राहिला. पुढेच गावचा हवालदार, एका हातात केक, दुसऱ्यात पेपर.

"ऐकलंत का, सोलांजबाई? तो व्हेर्लाक सळई कापून पळालाच नाही. पहारेकरी कुलूप लावायला विसरला होता!"

"अगं बाई! आणि आम्ही त्याला केवढा हुशार समजत होतो!"

माझ्याखालचं डोकं तापू लागलं. गप्प बस रे बाबा, मी मनात म्हटलं.

"सळई कापलीय," व्हेर्लाक म्हणाला. "तीन महिने घासून."

"मास्तर, तुम्ही आपला पियानो शिकवा," हवालदार हसला.

कुणालाच संशय नाही! पाव घेऊन तो दारापर्यंत पोचलाही. तेवढ्यात सोलांजबाई म्हणाल्या, "उघड्या दारातून काय, आमचं मांजरही पळेल."

तो गर्रकन वळला. मला उपटून पावांशेजारी आपटलं.

"मी व्हेर्लाक आहे! सळई कापली होती! उजवीकडून तिसरी!"

"ओरडू नका हो मास्तर, गिऱ्हाइकं आहेत," असं म्हणत हवालदाराने पेपरातला फोटो पाहिला. मग समोर पाहिलं. मग केक खाली पडला.

आता तो पुन्हा आत आहे आणि मला इथे कसर लागलीय. मित्रांनो, जो आपल्याला झाकून, सांभाळून घेतो, त्याला रागाच्या भरात भिरकावू नका. कुणी खोटंनाटं बोललं तर बोलू द्या, आपण आपली गाडी गाठावी. आणि इकडून गेलात तर मला जरा विंचरा हो.