काकूंचे नसलेले फ्रीज

"सकाळपासून हा तिसरा फ्रीज बिघडला, आणि घरात आहे एकच," काका पेपराआडून पुटपुटले. "माझ्या गार चहाची तक्रार मात्र कोणी नोंदवत नाही."

काकूंनी फोनवर हात ठेवून डोळे वटारले. फ्रीजदुरुस्तीच्या कंपनीत फोनवर बसणारे चौघे गिऱ्हाइकांशी कसे बोलतात, हे त्या खोटं गिऱ्हाईक बनून तपासत. कधी बहिऱ्या आजी, कधी खवट घरमालकीण, कधी बावरलेली नवी नवरी. शुक्रवारी मालकांना गुण कळवायचे. या कामावर त्यांचा भारी जीव. तिघांना दोन वर्षं दहापैकी दहा मिळत होते. इतकी मधाळ माणसं! मनात एकदा पाल चुकचुकली होती, पण काकूंनी तिला हाकलून दिलं.

चौथी, एक मुलगी, नवीन होती. "आजी, ओरडू नका, मला ऐकू येतंय. मागच्या स्टिकरवरचा नंबर वाचा. नसेल दिसत तर शेजाऱ्यांना बोलवा. मी थांबते."

आणि पोरगी खरंच थांबली! सात मिनिटं काकू नसलेल्या शेजाऱ्यांना हाका मारत बसल्या. घसा बसला. रागाच्या भरात त्यांनी चार गुण टाकले.

"चार?" मालक म्हणाले. "मग तिला आजच निरोप देऊ. तुम्हीही या, तोंडावर सांगा."

काकू पहिल्यांदाच ऑफिसात गेल्या. त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं. जिना चढून दम लागला होता. दारातूनच त्या म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?"

तीन खुर्च्या एकदम सरळ झाल्या. "अवश्य मॅडम! आणखी काय सेवा करू?" तिघंही एका सुरात.

नवीन मुलीनं फोनवरून मान वर न करता बोटानं माठ दाखवला.

काकू पाणी विसरून तिघांकडे निरखून बघू लागल्या. तिघं नखं बघू लागले. मालकांनी घसा खाकरला आणि मुलीला समोर बोलावलं. गप्प राहिलं तर हिची नोकरी जाणार. बोललं तर आपल्या आजी, घरमालकीण, नवरी, सगळ्याच एकदम घरी बसणार.

"साहेब, थांबा," काकू म्हणाल्या. "हे तिघं माझा आवाज ओळखतात. दोन वर्षांत मला खरं गिऱ्हाईक समजून बोलली ती ही एकटीच."