घरातला क

फुआतिनोची मुलगी तेउइला एका गुरुवारी संध्याकाळी सामोअन भाषेच्या वर्गातून घरी आली, दारातच थांबली आणि मान लववून सामोअनमध्ये म्हणाली, "मातोश्री, आपलं भोजन झालं का?"

फुआतिनो तेव्हा सोफ्यावर पाय पसरून वेफर्स खात टीव्ही बघत होती. ती ताडकन उठली, वेफर्सची पिशवी उशीखाली सारली आणि पाद्रीबुवा कुठे आहेत म्हणून मुलीच्या पाठीमागे बघू लागली. मागे कुणीच नव्हतं.

तिची तरी काय चूक? असलं सामोअन माणूस पाद्र्याशी बोलतो, गावच्या प्रमुखाशी बोलतो, नाहीतर परक्याशी. ती 'त'ची भाषा. घरात आली की त्याच 'त'चा 'क' होतो. चर्चमध्ये देवाचे आभार मानताना 'फाआफेताई', आणि जेवताना भावाने मीठ पुढे सरकवलं तर 'फाआफेकाई'. घरातलं माणूस घरातच 'त' लावून बोलायला लागलं तर खुशाल समजावं की ते रुसलंय, किंवा त्याला काहीतरी हवंय.

तेउइलाला मात्र काही नको होतं. ती एकोणतीस वर्षांची, इथेच ऑस्ट्रेलियातल्या लोगनमध्ये जन्मलेली, वकिलाच्या ऑफिसात कामाला, आणि आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तिला सामोअनचा गंध नव्हता. हा दोष कुणाचा, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घरात दोघीच होत्या. तेउइला लहान असताना शाळेतल्या बाई फुआतिनोला म्हणाल्या होत्या, "घरी इंग्रजीच बोला हं, नाहीतर पोरगी मागे पडेल." फुआतिनोने ते बायबलमधलं वाक्य असल्यासारखं पाळलं. हॉस्पिटलच्या चादरी धुता धुता जेवढं इंग्रजी तिच्या पदरात पडलं होतं, तेवढंच तिने मुलीच्या ओंजळीत टाकलं. फोनवर बहिणींशी गप्पा मारायची तेव्हा सामोअन बोलायची, आणि पोरगी जवळ आली की गप्प व्हायची.

पोरगी काही मागे पडली नाही. सातव्या वर्षी ती आईच्या इंग्रजीतल्या चुका काढायला लागली. आता कोर्स करून आईच्या सामोअनमधल्याही काढू लागली होती.

"आई, 'केउइला' काय म्हणतेस? 'तेउइला'. त, त."

"अगं बये, नाव मी ठेवलंय तुझं."

"मग नीट घे की."

फुआतिनोला हसावं की रडावं कळेना. पण तिने तोंडाला कुलूप घातलं, कारण महिन्याभरात तिचा मोठा भाऊ लाफाएले सामोआतल्या सवाई बेटावरून यायचा होता. लाफाएले गावचा प्रमुख. वीस वर्षांपूर्वी तो आला होता, तेव्हा नऊ वर्षांच्या भाचीला त्याने काहीतरी विचारलं, आणि भाची आईच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यानंतर तीन आठवडे तो फक्त बहिणीला सांगायचा, "तुझ्या मुलीला विचार, पाणी हवं का." माझ्या भाचीला नव्हे, तुझ्या मुलीला. ते फुआतिनोच्या जिव्हारी लागलं होतं. या खेपेला तरी त्याने पोरीला आपली म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तेउइलाने मामाच्या स्वागताचं भाषण लिहून काढलं. "मला एकदा म्हणून दाखव की," आई म्हणाली.

"नको. सरांनी तपासलंय. तू त्यात क घुसवशील."

लाफाएले आला, त्या रविवारी चर्च सुटल्यावर पंधरा-वीस नातेवाईक घरी जेवायला जमले. उकडलेले तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांची पालुसामी, डुकराचं मटण, सगळं मांडून झालं. फुआतिनोची चुलत वहिनी मेले हिने प्रार्थना म्हटली. म्हणता म्हणता तिची जीभ घसरली आणि 'आमेन'च्या आधी तिने खुद्द देवालाच 'फाआफेकाई' म्हटलं. झालं! पानं वाढून होईपर्यंत सगळे तिला धारेवर धरून होते.

"मेले, देव काय तुझा दीर लागतो?"

"उद्या त्याला मीठ पण मागशील!"

मेले स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग तेउइला उठली. केसांत फूल, हातात कागद. लाफाएलेची पदवी, गावाचं नाव, पूर्वजांची नावं, सगळं तिने एकही स्वर न चुकवता म्हटलं. फुआतिनोचा ऊर भरून आला. तिथेच पोरगी बसली असती तर बरं झालं असतं. पण कागद संपला आणि तिला चेव चढला. तिने कागद बाजूला ठेवला आणि मनाने पुढे चालू केलं. सरांनी मानाचे शब्द शिकवले होते. ते दुसऱ्यालाच लावायचे, स्वतःला नाही, हे बहुधा पुढच्या धड्यात असावं.

"आज सकाळी मी चर्चमधून इथे पधारले," ती म्हणाली. "थोडं भोजन ग्रहण केलं. आणि आता मी आपल्यासमोर विराजमान होते." आणि ती झाली.

कुणी हसलं नाही. फुआतिनोने मेलेकडे पाहिलं. ती मन लावून तारो सोलत होती, आणि तारो तर सोललेलाच होता. लाफाएलेने ताट खाली ठेवलं, पाठ ताठ केली आणि भाचीला उद्देशून पाच मिनिटं अस्सल 'त'मध्ये उत्तर दिलं. आपल्या आगमनाने आम्ही धन्य झालो, आपल्या मुखातून निघालेले शब्द आम्ही मस्तकी धरतो. परदेशी राजदूताशी बोलावं तसं.

दुपारी पाहुणे गेले. लाफाएले पुढच्या खोलीत चटईवर तोंडावर फडकं घेऊन आडवा झाला. मायलेकी स्वयंपाकघरात भांडी घासत होत्या.

"पाहिलंस?" तेउइला इंग्रजीत म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "एक माणूस हसला नाही!"

'छान झालं' म्हटलं असतं तर विषय मिटला असता. फुआतिनोने तेवढ्यासाठी तोंड उघडलंही. पण त्या आनंदी चेहऱ्याकडे बघून तिला खोटं बोलवेना, आणि ती सामोअनमध्ये, चांगल्या ठसठशीत 'क'मध्ये म्हणाली, "अगं येडे, तू स्वतःलाच पधारले म्हणालीस. स्वतःलाच! राणी आहेस का तू?"

तेउइलाला निम्मंच कळलं, पण ते पुरेसं होतं. "मग कुणी हसलं का नाही?"

"पाहुण्याला कोण हसतं?"

तेउइलाने हातातली ताटली खाली ठेवली. "मी पाहुणी आहे?" ती हळू आवाजात म्हणाली. "आणि मला पाहुणी कुणी केलं, आई?"

नळ चालूच होता. फुआतिनोने तो बंद केला. एवढी वर्षं ज्या प्रश्नाची भीती होती, तो इतका साधा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"मी केलं," ती म्हणाली. "चुकलं माझं. फार चुकलं."

तेउइलाचे डोळे भरले. तिला आईवर ओरडायचं होतं, आणि इंग्रजीत ओरडून भागणार नव्हतं. ती सामोअनमध्येच ओरडली. व्याकरणाचा पार चुराडा झाला, आणि लहानपणी पलीकडच्या खोलीतून ऐकलेले फोनवरचे 'क' कुठून कुठून तिच्या तोंडात आले. "मग आधी का नाही सांगितलंस? मी तिथे सगळ्यांसमोर येड्यासारखी विराजमान झाले…"

पुढच्या खोलीत आधी एक फुसकारा ऐकू आला. मग लाफाएले फुटला. भाषणापासून दाबून धरलेलं हसू होतं ते. खिडकीच्या काचा थरथरल्या. चटईवर गडाबडा लोळत तो ओरडत होता, "विराजमान बाई! ओ विराजमान बाई! जरा इकडे पधारा, आणि मामाला कोको आणा!"

तेउइलाने नाक पुसत कोको उकळला आणि कप नेऊन दिला. लाफाएलेने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि 'क'मध्ये तिच्यावर खेकसला.

ती लालबुंद होऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तो मला म्हणाला, मूर्खे, एवढी साखर डुकरालाही कुणी घालत नाही!"

"हो गं," फुआतिनो म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.