ओट्यातला मॅग्नोलिया

मित्रांनो, मी एका गवंड्याच्या परसातला जुना मॅग्नोलिया आहे. तुमचा सोनचाफा माझ्या नात्यातलाच. माझे वय सोळा. झाडाच्या मानाने हे काही म्हातारपण नव्हे, तरी माझे हे शेवटचे वर्ष आहे.

गवंड्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मला रोपवाटिकेतून आणले. तिथल्या बाईंनी तिला बजावले होते, "याची मुळं मऊ असतात आणि वरच्यावर पसरतात. खोल लावू नका, भोवती खणू नका, बुंध्यावर माती चढवू नका. माती जरा आंबट, भुसभुशीत हवी. ओल हवी, पण पाणी साचायला नको. आणि चुना, सिमेंट तर जवळपासही नको."

"झालं!" अक्का हसली. "माझा भाऊ गवंडी आहे. आमच्या घरात चुना नाही तो फक्त चहात."

तिने मला भिंतीच्या आडोशाला लावले, वाऱ्याने फुले फाटू नयेत म्हणून. दरवर्षी ती माझ्या मुळांवर वाळक्या पानांचे पांघरूण घाली. तण उपटायची ते हाताने. खुरपे कधी लावले नाही. सहाव्या वर्षी मला पहिले फूल आले. पान एकही नव्हते, आणि उघड्या फांदीवर वाटीएवढे गुलाबी फूल!

"एका फुलाला सहा वर्षं?" गवंडी म्हणाला. "अक्के, एवढ्यात मी अख्खी गल्ली बांधली असती."

"बांध की. माझ्या झाडापासून लांब बांध म्हणजे झालं."

त्याला ती थट्टाच वाटली.

तीन वर्षांपूर्वी अक्का पडली, खुब्याचे हाड मोडले. ती तीन आठवडे दवाखान्यात होती. घरी आल्यावर तिला माझ्या सावलीत बसता यावे, म्हणून गवंड्याने माझ्याभोवती हातभर उंच गोल ओटा बांधला. आत राडारोडा आणि माती भरली, वर सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पांढराशुभ्र चुना दिला. इतक्या निगुतीने काम त्याने कुणाच्या बंगल्यावरही केले नसेल. माझी मुळे त्याखाली गाडली गेली.

अक्का वॉकर टेकत परसात आली. ओटा पाहताच तिचा चेहरा उतरला. तिला सगळे कळले होते.

"कसा झालाय?" गवंड्याने विचारले. "खरं सांग हं. पाठ टेकायला उतारसुद्धा दिलाय." त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. अक्का त्या बोटांकडे बघत राहिली.

"छान झालाय रे," ती म्हणाली, आणि बसली.

मला वाटले, उद्या सांगेल. तेव्हा ओटा फोडला असता तर मी जगलो असतो. पण रोज संध्याकाळी ती त्यावर बसे, तो खुशीत येई, आणि सांगणे राहून जाई. चुना पाण्याबरोबर खाली झिरपला. मुळांना हवा मिळेना. पाने पिवळी पडली, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. गवंडी बिचारा बादल्या ओतायचा आणि दरवर्षी ओट्याला नवा चुना द्यायचा.

"यंदा कळ्या का नाहीत गं?"

"झाडंही दमतात," अक्का म्हणे.

आता माझ्या एकाच फांदीला पाने आहेत. काल गवंड्याने माझ्यावरून हात फिरवला, तर साल त्याच्या हातात आली.

"हे काही जगत नाही, अक्के. तू जिवाला लावून घेऊ नकोस. याच जातीचं दुसरं रोप आणू. ओटा तर तयारच आहे."

अक्काने काही बोलायला तोंड उघडले. मग म्हणाली, "आणू."

मित्रांनो, माझे आता काही होण्यासारखे नाही. ओटा फोडला तर त्याच्याबरोबर उरलेली मुळेही तुटतील. पण ज्याच्यावर माया करता त्याला काय सोसते, हे आधी जाणून घ्या. आणि माया करणाऱ्याचे चुकले, तर त्याचे मन राखायला गप्प बसू नका. ते नवे रोप येईल, त्याला बोलता येणार नाही. अक्का बोलेल असे मला वाटत नाही.