रिंगणासमोरची दुसरी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका गुरांच्या लिलावघरात, पहिल्या रांगेत, डावीकडून दुसरी. पाय बिडाचे, पाठ ओकच्या फळीची. मला घडवलं होतं सिनेमागृहासाठी. तिथे लोक अंधारात माझ्यावर बसून रडत. ते बंद पडलं आणि मी इथे आले. इथे दिव्यांच्या उजेडात, रडणं आवरून बसतात.

पहिल्या रांगेत आम्ही चौघी. चार कत्तलखान्यांचे चार खरेदीदार आमच्यावर बसत. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पाहुण्यांचं पोर चुकून बसलं तरी आई त्याला उचलून मागे नेई. माझा खरेदीदार हॉलिस. तो टोपीला बोट लावी, पलीकडचा भुवई उचले, तिसरा नुसता खाकरे. लिलाव पुकारणाऱ्या व्हर्नला एवढं पुरे. भाव चढे. माझी गादी तेव्हा वेळेवर बदलली जाई.

पुढचं सांगणं अवघड आहे, कारण ते आवाज न करता घडलं.

एका कत्तलखान्याने दुसरा विकत घेतला. तिसरा विकत घेऊन बंद केला. चौथाही शेवटी त्याच मालकाकडे गेला. एका मंगळवारी हॉलिस आला नाही. पुढच्याही मंगळवारी नाही.

उरला पहिल्या खुर्चीवरचा मर्ल. माणूस वाईट नव्हे, सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटतो. पण शेजारी कोणी नसल्यावर त्याला घाई उरली नाही. व्हर्नचा घसा बसेपर्यंत तो छताकडे पाहत राही, भाव पुरता उतरला की मग बोट उचले. आणि मी रिकामी असूनही माझ्यावर कोणी बसेना. रीत ती रीत. माझी गादी फाटली, आत धूळ भरली.

मागे कॉफीच्या किटलीपाशी गुरं विकायला आलेले सगळे कुरकुरत. मक्तेदारीची चौकशी करणारं सरकारी खातं साक्षीदार शोधतंय, ही बातमीही तिथेच पोचली.

"तू बोल की, डेल."

"मी? माझी वासरं पुढच्या मंगळवारी आहेत."

"मग त्याच्या पुढच्या मंगळवारी बोल."

"तेव्हा तुझी आहेत, लोर्ना."

लोर्ना कुचेरा हसली. पण बोलली तीही नाही. एकच गिऱ्हाईक असलेल्या माणसाने त्या गिऱ्हाइकाविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे काय, हे किटलीपाशी सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एका मंगळवारी एक अनोळखी बाई आली. करकरीत नवी जीन्स. सरळ पुढे आली आणि

माझ्यावर बसली.

उठा म्हणायला कोणी धजेना. दुसऱ्या खुर्चीवर बसली म्हणजे खरेदीदारच, कुठल्यातरी नव्या कत्तलखान्याची! मर्लने तिला पेपरमिंट दिली. एक नाही, दोन.

फाटक उघडलं. लोर्नाची वासरं रिंगणात आली. व्हर्नने श्वास घेतला, आणि तो पुकारायच्या आत मर्लचं बोट वर. भावही असा, की शेजारणीने वाटेला जाऊ नये.

बाईने हातसुद्धा हलवला नव्हता.

लिलाव संपल्यावर ती उभी राहून म्हणाली, "मी नेओमी स्ट्राउड. चौकशी खात्याची वकील."

"म्हणजे बाई, तुम्ही गुरं घेत नाही?" व्हर्नने विचारलं.

"मी मांसच खात नाही."

मर्लला ठसका लागला. लोर्ना मात्र हसली नाही. "नुसती खुर्ची भरली," ती म्हणाली, "तर माझ्या वासरांना इतका भाव. बाई, मी साक्ष देते."

"डोकं ठिकाणावर आहे का गं?" डेल म्हणाला. "तुझी निम्मी वासरं अजून विकायचीत!"

खात्याची सुनावणी याच रिंगणात झाली. लोर्नाने पाहिलं तेवढंच सांगितलं.

पुढच्या मंगळवारी तिची उरलेली वासरं आली.

व्हर्नने पुकारलं. भाव उतरवून पुन्हा पुकारलं. आणखी उतरवला.

हं? हं? कोणी?

मर्ल छताकडे पाहत होता. "आज नको," तो पुटपुटला.

"बरं," लोर्ना म्हणाली. "चढवा परत गाडीत."

मागून डेल ओरडला, "माझीही चढवा!"

"अहो, शुद्धीवर आहात ना?" त्याच्या बायकोने विचारलं.

"नाही. चढव म्हटलं ना!"

मग आणखी एकाने सांगितलं, मग त्याच्या शेजाऱ्याने. बाहेर गाड्यांची मागची फाटकं आदळू लागली. रिंगणात नुसता भुसा उरला. एवढा मोठा कत्तलखाना, पण उद्या सकाळी त्यालाही गुरं लागणारच होती. मर्ल फोन घेऊन बाहेर गेला. बराच वेळ गेला. परत आला तेव्हा टोपी हातात होती.

"लोर्ना, थांबव गाडी. आण आत."

"भाव?"

"व्हर्नला पुकारू दे. मी इथेच आहे."

भाव वकीलबाई बसली त्या दिवसाइतका मिळाला नाही. पण मिळाला. खटला अजून चालू आहे. कायदा सावकाश चालतो, आणि गुरं रोज खातात.

मित्रांनो, माझी गादी अजून फाटकीच आहे, त्याचं मला काही नाही. पण तुमच्या गावातही कुठेतरी एकच दुकान, एकच गिरणी, एकच खरेदीदार उरला असेल. तिथे शेजारची जागा कधी रिकामी झाली, ते आठवून पाहा. तिच्यावरची धूळ झटका. आणि कोणी नवखा चुकून तिथे बसला, तर त्याला उठवू नका.